समुद्र गेलेल्या गावात

कझाकस्तानला निघालो त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला एसटी स्टँडवर आले नाहीत. मे महिना होता. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि मढ गावाजवळची आमची बुडालेली जमीन गाळासकट वर आली होती. पाणी परत चढेपर्यंत तिथं पीक घेता येतं. आबा उन्हाळी बाजरी काढत होते, म्हणून मीच पाया पडायला तिथं गेलो.

त्यांनी विळा खाली ठेवला आणि मला गाळातून बरंच आत नेलं. "हितं आपला उंबरा व्हता. नीट बघून ठेव. मी गेलो की माझी राख हितंच टाक, दुसरीकडं न्हाई." मी हो म्हणालो. डोक्यात विमान होतं, दुसरं काही नव्हतं.

नव्वदच्या दशकात धरणासाठी आम्हाला उठवलं, तेव्हा पिंपळवंडीकडं जमीन मिळाली. जमीन वाईट नव्हती. आबांचं मन मात्र तिथं कधी रमलं नाही.

मी वेल्डर. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायला अरल गावी गेलो. समुद्राकाठचं बंदर आहे, असं एजंटनं सांगितलं होतं. उतरल्यावर समुद्र कुठंय विचारलं तर लोक हसले. क्रेन होत्या, धक्का होता आणि पुढं नुसती वाळू. सिर दर्या नदीचं पाणी वरच्या अंगाला कापसाला आणि भाताला वळवलं, त्यात समुद्र आटत आटत लांब गेला. सगळीकडं सपाट. जुन्नरच्या माणसाला पाठीशी डोंगर नसला की उघड्यावर जेवायला बसल्यासारखं वाटतं.

माझा घरमालक म्हातारा मच्छीमार होता. सगळे त्याला अता, म्हणजे आजोबा म्हणत. त्यानं सांगितलं, समुद्र गेला तरी सोव्हिएत सरकारनं मासळीचा कारखाना बंद केला नाही. दूरच्या समुद्रांतली मासळी रेल्वेनं आणायचे आणि इथल्या बायका ती डब्यांत भरायच्या. मग देशच मोडला. गाड्या थांबल्या, पगार थांबले. पोरं पश्चिमेकडं तेलविहिरींवर गेली, त्याचेही दोन मुलगे गेले. होडी कुठं बांधायचा ती जागा तो मला वाळूत दाखवायचा. मी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं, तुमचं पाणी गेलं, आमच्या घरात आलं. त्यानं माझ्यापुढं चहाचा वाडगा सरकवला.

पुढं समुद्राच्या उत्तरेकडच्या भागाला बांध घातला आणि थोडं पाणी परत यायला लागलं. अता ते बघून आला आणि रडला. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला, आणि त्याची लाजही.

आबा दर उन्हाळ्यात फोनवर म्हणायचे, "औंदा पाणी लई खाली गेलंय, येऊन जा." पण तिकडं हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, कामं उन्हाळ्यातच चालतात. सुट्टी थंडीत मिळायची. मी यायचो तेव्हा आमचं धरण काठोकाठ भरलेलं असायचं. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना हे सांगायला नको. एक उन्हाळा मी काम सोडून येऊ शकलो असतो. आलो नाही.

आबा पावसाळ्यात गेले. मी पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. आईनं अस्थी आणि राख मडक्यात घालून झाडाला टांगून ठेवली, मी मे महिन्यात परत येईपर्यंत.

मडकं घेऊन गेलो. सगळीकडं एकसारखा भेगाळलेला गाळ. जोत्याचा दगडही दिसेना. बाजरी काढणाऱ्यांना विचारलं, कुणालाच सांगता येईना. आई तर उठवल्यापासून इकडं फिरकलीच नव्हती. दुपारभर हिंडलो. आमचं घर कुठं होतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या हातातल्या मडक्यात होता. शेवटी एका जागी राख टाकली आणि तिथंच बसून आबांना हाका मारत रडलो. आता मला कुणी घर कुठं विचारलं तर मी मढच्या पाण्याकडं हात करतो. नेमकं कुठं, ते मला सांगता येत नाही.

पिंपळवंडीला पोचलो तर आई वाट बघत दारातच बसली होती.

"उंबरा घावला का रं?"

"घावला," मी म्हणालो.

तिनं डोळ्यांना पदर लावला. "बरं झालं. आता माझीबी तितंच टाक."