वरणातलं पाणी

ठाण्यात आमच्या कचेरीसमोरच्या खानावळीत माझ्या टेबलावर रोज एक ख्रिस्ती गृहस्थ बसायचे. बाळकुमचे, एवढंच कळलेलं. नाव कधी विचारलं नाही. ताट आलं की टोपी काढून मांडीवर ठेवायचे, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण करायचे आणि डोळे मिटून पुटपुटत देवाचे आभार मानायचे. पापं माफ झाली त्याचे, गुडघे अजून चालतायत त्याचे, वरणभाताचे. तोवर वरणाला नावं ठेवत माझं निम्मं जेवण झालेलं असायचं.

एका मंगळवारी प्रार्थना संपवून त्यांनी पहिला घास घेतला आणि वाढप्याला बोलावलं. "अरे, हे वरण आहे की पाणी? बदलून आण."

मी हसलो. "आत्ताच तर आभार मानलेत."

"डाळ देवाने दिली, त्याचे मानले," ते शांतपणे म्हणाले. "पाणी यांनी घातलंय. ते यांनाच सांगायला नको?"

त्यांना घट्ट वरण आलं. मी माझं पाणचट वरण भुरकत राहिलो. घराजवळ, कल्याणला बदली व्हावी म्हणून त्या सकाळीच मी गणपतीला पुन्हा एकदा गाऱ्हाणं घालून आलेलो. साहेबांना द्यायचा अर्ज वर्षभर माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.