उंबरदांडच्या नावाचं फूल

वाल्मीक कुशारे सर रस्त्याने चालायला लागले की बरोबरच्या माणसाचं काही खरं नसे. गप्पा कांद्याच्या भावाच्या चाललेल्या असोत नाहीतर कुणाच्या सोयरिकीच्या, सर मध्येच मटकन खाली बसायचे. गटाराच्या कडेला उगवलेलं एखादं क्षुल्लक तण दोन बोटांत धरायचं, खिशातलं भिंग डोळ्याला लावायचं आणि मग जग गेलं खड्ड्यात! मेव्हण्याच्या वरातीत त्यांनी नवरदेवाची घोडी अडवून तिच्या टापेखालचं एक रोपटं वाचवलं होतं. मेव्हणा अजून तो विषय काढतो. नाशिकच्या इंदिरानगरात त्यांना 'गवतवाले सर' म्हणत आणि सरांना ते मनातून आवडायचं.

घर निफाडकडचं, द्राक्षबागेवालं. भाऊ खुरपणीला बसले की हा थोरला तणांची नावं शोधत बसायचा. वडिलांनी शेवटी हात टेकले आणि त्याला शिकायला नाशिकला धाडलं. पुढे ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली. डॉक्टरेट झाली नाही, तिचं फारसं वाईटही वाटलं नाही. इच्छा एकच होती, की आजवर शास्त्राने पाहिलं नाही असं एक तरी फूल आपल्या हाताला लागावं. त्यासाठी दर रविवारी स्कूटर हरसूलच्या डोंगरांकडे निघे. बायको डबा भरून देई आणि म्हणे, "सवतीला माझा नमस्कार सांगा."

ती सवत अखेर सापडली, उंबरदांड नावाच्या पाड्यावर. निवृत्ती तोंडावर आली होती. भाद्रपदाचे दिवस, नागलीचं शेत गुडघ्याएवढं झालेलं. शेताच्या बांधावर, दगडांच्या फटीतून एक बारीक वेल वर आली होती आणि तिला हिरवट पिवळी फुलं होती, छोट्या कंदिलासारखी. असली कंदीलपुष्पं सरांनी बरीच पाहिली होती. पण हिच्या पाकळ्या टोकाला एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि त्यांवर जांभळी लव होती.  सर तिथेच चिखलात बसले.

शेत नवसाबाईंचं होतं. म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभी राहिली आणि हा शहरातला माणूस तिच्या बांधाला नमस्कार घालतोय की काय, ते पाहत राहिली.

"काय पडलं रे तुझं?" तिने विचारलं.

"पडलं नाही मावशी, सापडलंय."

नवं फूल सापडलं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. फुलाचं अंग न् अंग मोजावं लागतं, कागदात दाबून वाळवावं लागतं, चित्र काढावं लागतं, जगभरातल्या त्याच्या भावकीशी ताडून पाहावं लागतं. फळ धरेपर्यंत थांबावं लागतं. सर दर रविवारी उंबरदांडला जायला लागले. नवसाबाई कोरा चहा करायची आणि सर वेलीची पानं मोजत असताना शेजारी बसून राहायची. दोघांची चांगली गट्टी जमली. शास्त्राचा अवघड भाग तृप्तीने उचलला. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याला संशोधन करणारी.

नाव काय द्यायचं, असा प्रश्न आला तेव्हा तृप्तीने फोनवर सांगितलं, "सर, लवेवरून देऊ. आणि जागा फक्त तालुक्यापुरती लिहू. या वेलींच्या कंदांना गिऱ्हाईक असतं. लोक उपटून नेतात."

सरांनी विषय बदलला. कारण ते शब्द देऊन बसले होते.

झालं असं होतं, की आधीच्याच रविवारी नवसाबाईने चहाची कपबशी पुढे करताना विचारलं होतं, "सर, तू या फुलाचं छापशील, तं आमच्या पाड्याचं नाव घालशील का रे? एसटीच्या पाटीवर आमचं नाव नाय. नात द्राक्षाच्या कामाला जाते, तिकडं तिला हरसूलकडची म्हणत्यात. उंबरदांड कुणाला ठाऊकच नाय."

सर स्वतः खेड्यातले. गावाचं नाव घेतल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच न उमटणं काय असतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी लगेच शब्द दिला. आणि खरं सांगायचं तर, थोडा मोहही झाला. एका विसरलेल्या पाड्याला आपण जगाच्या नकाशावर नेऊन ठेवतोय, हे चित्र त्यांना फार सुखाचं वाटलं. तृप्तीने पुन्हा पुन्हा सांगूनही ते हटले नाहीत. फुलाचं शास्त्रीय नाव ठरलं 'उंबरदांडेन्सिस', म्हणजे उंबरदांडचं. आणि शोधनिबंधात जागेच्या रकान्यात पाडा, बांध, सगळं तपशिलाने लिहिलं गेलं. अर्धवट पत्ता देणं त्यांना लबाडीचं वाटलं.

निबंध छापून आला आणि नाशिकने सरांना डोक्यावर घेतलं. कॉलेजच्या फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला, शाल-श्रीफळांची रास पडली. एका वर्तमानपत्राचा माणूस उंबरदांडला येऊन नवसाबाईचा वेलीशेजारी फोटो काढून गेला आणि हरसूलहून कसं जायचं तेही छापून मोकळा झाला. सरांनी ते कात्रण म्हातारीला नेऊन दिलं. म्हणाले, "मावशी, आता लोक येतील. आले की दाखवा. तुमच्या पाड्याचं नाव झालंय." म्हातारीने कात्रण देवांच्या शेजारी ठेवलं.

त्या वर्षी फुलं आली तेव्हा सर भाषणांत अडकले होते. आज सिन्नर, उद्या मालेगाव. प्रत्येक ठिकाणी ते पडद्यावर नकाशा दाखवत आणि उंबरदांडवर बोट ठेवत. लोक टाळ्या वाजवत. उंबरदांडला जायचं मात्र राहून गेलं.

गेले ते एकदम पुढच्या भाद्रपदात. स्कूटर लावून बांधाकडे वळले आणि जागीच थबकले. बांध उकरलेला होता. दगड बाजूला फेकलेले, फटींच्या जागी खड्डे, खड्ड्यांत गढूळ पाणी. वेल कुठेच नव्हती.

नवसाबाई घरातून लगबगीने आली. चेहरा फुललेला. "सर, किती दिसांनी! तुझी माणसं लय येऊन गेली. मोठमोठ्या गाड्या घेऊन."

"माझी माणसं?"

"व्हय. सरांनी धाडलंय म्हणले. कंद पाहिजेत म्हणले, म्या कुदळ दिली. एकाला उकरता येईना, तं म्याच काढून दिले. चहा पाजला समद्यांना."

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी कुणालाही धाडलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं, म्हातारी तशीच खुशीत राहिली असती. पण खोटं त्यांच्याने बोलवेना. त्यांनी सांगून टाकलं, की ती माणसं माझी नव्हती. कंद विकले गेले असतील, किंवा कुणाच्या बाल्कनीतल्या कुंडीत कुजले असतील. हे फूल दुसरीकडे कुठे आहे हे अजून कुणाला माहीत नाही. आणि तुम्ही दाखवलंत ते मी सांगितलं म्हणून. चूक माझी आहे.

नवसाबाईचा चेहरा उतरला. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ती म्हणाली, "मग ते नाव काढून टाक."

"येत नाही काढता, मावशी. एकदा छापलं की छापलं. मलासुद्धा बदलता येत नाही, तसा नियमच आहे."

"फूल नसलं तरी?"

"फूल नसलं तरी."

ती उठली, घरात गेली आणि कोयता घेऊन आली. दोघं डोंगराच्या उतारावर शोधत राहिले. दुपार कलली. सरांचा सदरा काट्यांनी फाटला, गुडघे भरून आले. शेवटी करवंदीच्या जाळीत, अगदी आत, एक वेल दिसली. बोटभर लांब, दोन पानांची. तिला फूल यायला किती वर्षं लागतील, ते सरांना सांगता येईना. म्हातारीने काटेरी फांद्या तोडून जाळीवर टाकल्या, वर दगड ठेवले. सरांनी भिंग खिशातून काढलंच नाही.

त्या दिवशी हरसूलचा बाजार होता. नवसाबाईला मीठ-मिरची आणायची होती, म्हणून सरांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं.  सरांना सारखं वाटत होतं, की ही आपल्याला शिव्या देईल तर बरं होईल. ती देत नव्हती.

फाट्यावर एक गाडी आडवी आली. काच खाली झाली. आतला तरुण हसतमुख होता, मागच्या सीटवर कॅमेरा दिसत होता आणि त्याच्या शेजारी नवी कोरी खुरपी.

"आजी, उंबरदांड कुठे आलं हो? ते नवीन फूल सापडलंय ना, तिथे जायचंय."

 सरांच्या खांद्यावरचा म्हातारीचा हात घट्ट झाला.

"असा पाडा इकडं नाय, बाबा," नवसाबाई म्हणाली. "म्या जन्मापासून इथलीच हाय. कधी नाव आयकलं नाय."

गाडी वळून त्र्यंबकच्या दिशेने गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत सरांनी स्कूटर चालू केली नाही, आणि मागे वळून म्हातारीच्या तोंडाकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.