दुर्गाबाईचं खोटं हसू

टेंभुर्णीत दुर्गाबाईचं हसणं म्हणजे काय चीज होती म्हणता! शेवया करायला बसली तरी तिसऱ्या गल्लीत कळायचं. बायाही अशा, की आधी तिच्या तोंडाकडं बघायच्या; ती हसली की मंग बिनघोर हसायच्या. म्हणूनच शहाऐंशी साली शेजारच्या रशीदनं जालन्याहून टीव्ही-व्हिडिओ आणला, तेव्हा पहिली सतरंजी तिच्यासाठी टाकली.

"मावशी, तुम्ही हसल्या की अम्मी बी हसंल," तो म्हणाला.

त्याची अम्मी म्हणजे सरदारबी. नवरा जाऊन पाच महिने झाल्ते. इद्दतीचे दिवस घरात काढून ती नुकतीच माणसांत बसायला लागल्ती. सिनेमाही रशीदनं मुद्दाम निवडलेला. जालन्यात लोकांनी चार-चारदा बघितलेला, पोट धरून हसवणारा.

भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून सिनेमा सुरू झाला. एक जण चिखलात घसरला, दुसरा त्याच्यावर पडला, मंग दोघं मिळून फौजदारावर. अख्खी खोली खिदळून राह्यली, अन् दुर्गाबाईला काडीचं हसू येईना! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांना कळतं ते आपल्यालाच कसं कळंना? बाया सवयीनं वळून बघत होत्या. रशीद तर तिच्यावरच डोळे लावून बसलेला. शेवटी तिनं तोंडाला पदर लावला, डोळे घट्ट मिटले अन् दिलं ठोकून खो-खो. शेजारी सरदारबीही हसली. रशीदचा चेहरा खुलला. मंग काय, खोलीत जरा आवाज झाला की दुर्गाबाई डोळे मिटून हसायला मोकळी.

अशीच एकदा ती जोरात हसली, अन् बाकी कुणीच हसेना. डोळे उघडले तर टीव्हीवर नायकाची आई मेलेल्या नवऱ्याचा सदरा उराशी धरून रडत होती. आवाज झाल्ता तो बायांच्या मुसमुसण्याचा. सरदारबीनं ओल्या डोळ्यांनी तिच्याकडं पाह्यलं अन् ओढणी सावरून उठून गेली.

माफी मागायची तर खोटं हसल्याचं सांगावं लागणार, अन् रशीदनं तर किती हौसेनं सिनेमा आणलेला. दुर्गाबाईनं गिळून टाकलं. पुढं सोळा वर्षं ईदेचा शीरखुर्मा आला, दिवाळीचा फराळ गेला. पण सरदारबीसमोर तिला मोकळं हसता म्हणून आलं न्हाई.

मंग एका दुपारी सरदारबीच्याच घरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. दुर्गाबाईला बसवेना.

"भाभी, मला हा सिनेमा बिलकुल आवडला नव्हता. त्या दिवशी डोळे मिटून खोटंच हसत होते मी. लई लाज वाटते."

"अगं, मला तरी कुठं आवडला? पोराचं मन मोडू न्हाई म्हणून तुझ्याकडं बघून हसत होते."

दुर्गाबाईला एवढं हायसं वाटलं, की खरंखुरं हसूच फुटलं.

सरदारबी टीव्हीकडं बघतच म्हणाली, "ती सदऱ्याची जागा तेवढी आवडल्ती. ते गेल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडू येऊन राह्यलं होतं मला. तेवढ्यात तू हसलीस. मंग पुन्हा कुणासमोर रडायची हिंमतच झाली न्हाई."

दुर्गाबाईचं हसू तोंडातच राह्यलं. ते तोंड आता कुठं लपवावं, तिला कळंना.