पार्टिसिपल आणि माझा उजवा हात

मैत्रिणींनो, आज दुपारी जेवताना नातीनं सहज विचारलं, "आजी, इंग्रजी व्याकरणातलं पार्टिसिपल म्हंजे काय गं?" घास हातातच राहिला. हसू नका. पासष्टीला आले तरी त्या शब्दाची भीती गेली नाही.

शाहूपुरीतली आपली शाळा, आठवीला साहेब तपासणीला आले होते ते आठवतं? चौऱ्याहत्तर साल असेल. इंग्रजीच्या बाई नवीन होत्या, नोकरी अजून कायम झाली नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, "साहेब काय बी विचारू देत, सगळ्यांनी हात वर करायचा. येतंय तिनं उजवा, येत न्हाई तिनं डावा. मी उजव्या हातवालीलाच उठवणार. कळलं न्हवं?"

साहेबांनी नेमकं पार्टिसिपलच विचारलं. भीतीनं मला डावं-उजवं कळेना. उजवा हात वर गेला, आणि बाईंनी विश्वासानं माझंच नाव घेतलं.

मी उभी राहिले. बाकावरची वाळलेली शाई नखानं खरवडत राहिले. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते, आणि बाई पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होत्या.

दिवाळीनंतर बाई शाळेत दिसल्या नाहीत. का, ते विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही.

आज नात म्हणाली, "आजी, हात का वर केलाईस?" बघितलं तर डावा हात वर होता.

बाईंचं पुढं काय झालं, कुणाला म्हाईत हाय का गं? असेल तर सांगा.

नको, थांबा. आज नको.