डबलरमधून दिसलेला माणूस

“लबाड हाय ह्यो,” कॅमेऱ्याची नळी थोपटत मामा म्हणायचे. “ह्याच्यावर इस्वास ठेवायचा न्हाई.”

ह्यो म्हणजे टेलिकन्व्हर्टर. कॅमेरा आणि लांबचं टिपणारी झूम लेन्स यांच्यामध्ये बसवायचं काचांचं जाडसर कडं. लांबचं दुप्पट जवळ आणतं म्हणून फोटोवाले त्याला डबलर म्हणत. नव्वदच्या दशकात सांगलीतल्या आमच्या दैनिकासाठी मामा खेळांचे फोटो काढत आणि मी त्या फोटोंखालच्या ओळी लिहीत असे. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला ‘सायेब’ म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डबलरचे लाड फार. तो लावला की उजेड पार चौथाईवर यायचा, म्हणून मामांना भर दुपारचं ऊन लागायचं. तिपाई हलू नये म्हणून तिला धोंडे भरलेली पिशवी टांगायचे. एकदा कबड्डीच्या सामन्यात ढग आले, तर त्यांनी पंचांनाच गळ घातली, “जरा दम धरा की, ऊन पडू द्या.” पंच हसले. मामा मात्र गंभीर होते.

बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांनी मला पहिल्यांदा डबलरमधून बघू दिलं. तुम्हीही बघितलं असतंत तर माझ्यासारखेच किंचाळला असतात. धावपट्टी ओलांडणाऱ्या एका माणसाच्या पाठीला बैलांची शिंगं टेकलेलीच दिसत होती.

“मामा, मेला तो माणूस!”

“आवं, लांब हाय गाडी. डोळा काढून बगा.”

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. माणूस आणि गाडी यांच्यात चांगलं एक शेत मावलं असतं.

“डबलर समद्यास्नी गळ्यात गळा घालून दावतो,” मामा म्हणाले. “आपन वरडायचं न्हाई. आपन बटन दाबायचं.”

पुढच्या वर्षी म्हसवडकडच्या एका माळावर शर्यती होत्या. मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसात आले, माझ्या टेबलावर निगेटिव्हची पट्टी ठेवली आणि न बसताच म्हणाले, “सायेब, ह्यात किती अंतर दिसतंय?”

वाऱ्यानं उडालेला पटका उचलायला एक म्हातारा धावपट्टीवर गेला होता. पहिल्या फोटोत तो वाकलेला, मागं बैलगाडी. दुसऱ्यात पटका हातात. तिसऱ्यात त्यानं मागं वळून बघितलेलं. चौथा फोटो नव्हता.

“नाही सांगता येत,” मी म्हणालो.

“मलाबी न्हाई आलं.”

म्हातारा गाडीखाली गेल्याची बातमी आम्ही दिली, तो तिसरा फोटो मात्र छापला नाही. आमच्या संपादकांनी केलेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी ते एक.

त्यानंतर मामा ओरडायला लागले. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर, आणि तोंडानं “सरका रं! सरका!” आधी फक्त शर्यतींत, मग सायकल स्पर्धेत, मग शाळांच्या खो-खोतसुद्धा. कॅमेरा हलायचा, फोटो पुसट यायचे. बाकीचे फोटोवाले नकला करायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू? आज त्याची लाज वाटते.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले मिरजेत, दवाखान्यात, चार माणसांसारखे. ते दुःख मी पचवलं. पण एक रविवार अजून माझी पाठ सोडत नाही.

त्या रविवारी ते मला एसटीनं त्याच माळावर घेऊन गेले. शर्यती नव्हत्या, माणूस नव्हतं, नुसती कुसळं आणि वारा. ते पावलं मोजत गेले आणि तीनशेव्या पावलावर मला उभं केलं.

“हितं हुता त्यो. तुमी फकस्त उबं ऱ्हावा.”

मी उभा राहिलो. मामा परत गेले, तिपाईमागं वाकले. एवढ्या लांबून ते बोटाएवढे दिसत होते, पण मी त्यांना अगदी जवळ दिसत असणार, हे मला माहीत होतं. मी मागं वळून बघितलं. मागं काहीच नव्हतं.

मग त्यांचा हात वर झाला. तोंड उघडलेलं असावं. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

मी जवळजवळ पळतच त्यांच्याकडे गेलो.

“आलं ऐकू?” त्यांनी विचारलं.

“नाही! एक अक्षर नाही.” मला इतका आनंद झाला होता की मी त्यांचे खांदेच धरले. “मामा, त्या दिवशी तर हलगी, कर्णे, हजार माणसं. तुम्ही ओरडला असतात तरी त्याला कळलं नसतं. आता सोडा हे.”

मामा खाली बसले.

“ऐकू जानार न्हाई म्हनून मी गप ऱ्हायलो न्हवतो, सायेब.”

“मग डबलर फसवतोय असं वाटलं ना तुम्हाला? तेच तर...”

“पयल्या दोन फोटूंला वाटलं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “तिसऱ्याला त्येचा चेहरा दिसला. तवा कळलं मला. पर फोटू लय चांगला येत हुता.”