न मोजलेली मेंढरं

विश्रामबागेच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या वहीत मेंदूची आकृती काढून ती तोंडपाठ केली होती. त्यामुळं माझ्या वडलांना, आबांना, झटका आल्यावर मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर काय म्हणतायत ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग येत होता.

आबांचा उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत होता, तोंडून शब्द फुटत नव्हता. तरुण डॉक्टरांनी बोटं दाखवून खुणेनं उत्तरं द्यायला सांगितलं. शंभरातून सात गेले तर किती? आबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. मग विचारलं, मेंढरं किती आहेत तुमची? आबांनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि माझ्या चुलत्याला समजावलं, की डाव्या मेंदूला मार बसलाय, बोलणं गेलं तशी विचारशक्तीही गेली.

"आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत," मी म्हणाले. "मोजली की नजर लागती. इचारायचंच चुकलंय तुमचं."

डॉक्टर हसले. चुलता मात्र हसला नाही, कारण त्याला तो कागद हवाच होता. दिवाळीनंतर कळप साताऱ्याकडं न्यायचा, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पुढारपण आजवर आबांचं होतं. आता ते कुणाचं, एवढाच प्रश्न उरला होता. आबांना घरी बसवलं असतं तर ते चार महिन्यांत संपले असते, हे मला आकृतीशिवाय कळत होतं.

गावी परतल्यावर आबांचं डोकं चालत नाही हे दाखवायला चुलत्यानं भावकीला बोलावून तमाशाच मांडला. दिवस मावळायच्या आत मेंढरं आली. जाळीच्या कुंपणात कोंडलेली कोकरं सोडली, ती आयांना लुचली आणि परत आत घातली. त्या गडबडीत त्यानं एक मेंढी गुपचूप आपल्या घरामागच्या परड्यात नेऊन बांधली आणि आबांना कळपापुढं उभं केलं. सगळी आली का, म्हणून विचारलं.

आबांनी नुसती नजर फिरवली आणि मान हलवली. नाही. मग कोकरांत शिरून डाव्या हातानं एक उचललं.

"ह्येची आई रानात ऱ्हायली आसंल," चुलता म्हणाला. "उद्या बघू."

आबांनी कोकराचं पोट चाचपलं. तट्ट भरलेलं होतं. त्याचं दुधानं ओलं तोंड त्यांनी भावकीला दाखवलं, एकेकाला, सावकाश. कोकरू प्यालंय, म्हणजे आई रानातून आलेली आहे. आली आणि आता दिसत नाही, म्हणजे कुणीतरी नेली, आणि कोकरं पाजताना मेंढरांत चुलताच फिरत होता. मग पाय ओढत ते थेट चुलत्याच्या परड्याकडं चालू लागले. सगळी भावकी मागोमाग.

मेंढी सोडून आणल्यावरही चुलता म्हणाला, नशिबानं घावली. माझं डोकं फिरलं. मोठ्यांपुढं बोलू नये हे मला शिकवलेलं होतं, पण मी बोलले.

"नशीब मेंदूच्या कंच्या बाजूला आसतंय, तात्या? डॉक्टरला इचारून या."

कुणी मला गप्प केलं नाही. त्या दिवाळीनंतर कळप साताऱ्याकडं निघाला, तेव्हा डाव्या हातात काठी घेऊन पुढं आबा होते. त्यांच्या ओढत्या पायाच्या चालीनं सगळा कळप सावकाश चालला होता आणि सगळ्यात मागं, धूळ खात, चुलता.