राबात गेलेली होडी

पूल झाला आणि नदीकाठच्या होड्या उपड्या पडून कुजल्या. एक चिमीची तेवढी धड होती. तिने त्या होडीतून आयुष्यभर माणसं पलीकडे नेलेली, म्हणून अजूनही दर उन्हाळ्यात तिला डांबर लावायची. यंदा डबा घेऊन आली, तर काठावर नुसता सांगाडा. वर भाच्याच्या शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून केलेला राब धुमसत होता आणि राखेत होडीचे खिळे.

“पाला कमी पडला, आत्या. पूल हाय ना आता,” मुकेश म्हणाला.

चिमीने डांबराचा डबा खाली ठेवला.

“तुझी आय पुलावर नाय व्याली तुला. भर पुरात याच फळ्यांवर व्याली. नाळ मी कापली.”

मुकेश धावत जाऊन हंडाभर पाणी घेऊन आला. विझवण्यासारखं उरलं होतं काय?